गच्चीवरचा मांडव, दुसऱ्यांदा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घराच्या गच्चीवर २०१७ च्या हिवाळ्यात मी १४ × ११ फुटांचा एक मांडव उभारून घेतला होता. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि कडेला स्टेनलेस स्टीलचा कठडा असा त्याचा थाट होता. सात पावसाळ्यांत तो निकामी झाला. प्रत्येक माल चांगला घेतला होता, तरीही जिथे एक धातू दुसऱ्याला टेकला होता नेमका तिथेच तो खलास झाला. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि दोघांना एकच पाणी लागले, की त्यांच्यात बारीकशी वीज वाहते आणि त्यातला एक झिजत जातो. तोच मांडव त्याच जागी पुन्हा उभा करताना केलेल्या या नोंदी आहेत. रकमा आणि चुका लपवलेल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

खंडेनवमीला पूजलेला ग्राइंडर आज चालवला. पत्रे उतरवण्यास दोन तास लागतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात संध्याकाळ झाली, कारण चौऱ्याऐंशी स्क्रूंपैकी जेमतेम वीस पान्याला दाद देत होते. बाकीच्यांची डोकी कापून काढावी लागली.

आडव्या पाइपांवर पत्रा जिथे टेकत होता तिथे खालच्या बाजूने पांढऱ्या भुकटीची बोटभर रुंद रेघ उमटली होती. बोटाने दाबल्यावर पत्रा पापडासारखा मोडला. दोन रेघांच्या मधला पत्रा मात्र काल आणल्यासारखा होता. पाऊस वाजू नये म्हणून २०१७ साली मी पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये नमद्याच्या (फेल्टच्या) पट्ट्या घातल्या होत्या, आणि दोन धातू वेगळे राहतील हा त्यातला दुसरा फायदा आहे असे मनाशी धरले होते. त्या पट्ट्या आज काढल्या, तेव्हा पाऊस थांबून बरेच दिवस झालेले असूनही त्या आतून ओलसर होत्या. म्हणजे ज्या वस्तूने धातू वेगळे ठेवायचे, तिनेच पाणी धरून ठेवून त्यांना जोडले होते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे असेच झाले, हे मला फार उशिरा कळले. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा आणि आतल्या लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. ते कालांतराने पाणी पिऊ लागले, लोखंड फुगले, आणि १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून ३१६एल जातीच्या स्टेनलेसच्या बसवाव्या लागल्या व मध्ये टेफ्लॉन घालावे लागले.

कठड्याची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. स्टेनलेसच्या बेस प्लेटी मी साध्या लोखंडी आठ मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळल्या होत्या, कारण त्या दिवशी हाताशी तेवढेच होते. प्लेटी आजही चकचकीत आहेत. बोल्ट मात्र प्लेटीच्या पातळीवर चोखलेल्या पेपरमिंटसारखे मध्ये बारीक झाले आहेत. एक तर हातानेच तुटला. तो मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे. झिजणारा धातू आकाराने मोठा आणि त्याला झिजवणारा लहान असेल तर झीज पसरते आणि निभावते. उलट असेल तर सगळा मार त्या लहानग्यावर पडतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि दोन वर्षांनी पाहिले, तर लोखंडी खिळे जागोजागी विरघळले होते. ज्या ठिकाणी पत्र्याबरोबर आलेला तपकिरी कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये चुकून राहून गेला होता, तेवढेच खिळे शाबूत होते. मी तो कागदही ठेवला नव्हता.

तिसरी जागा सौर बंबाखालची आहे. बंबाच्या हवेच्या नळीतून अधूनमधून पाणी ठिबकत असे आणि ती नळी तांब्याची आहे. तिच्या बरोबर खाली पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांची एक ओळ आहे. येथे तांबे पत्र्याला कोठेही टेकलेले नाही; नुसत्या पाण्याने तांब्याचा अंश खाली नेला आणि काम केले.

२० ऑक्टोबर, रविवार

मालाचा निर्णय झाला. सगळा सांगाडा स्टेनलेसचा करणे खिशाबाहेरचे होते, आणि पुन्हा ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडावर ठेवण्याची हिंमत नव्हती. म्हणून सांगाडा लोखंडाचाच पण पूर्ण तयार झाल्यावर जस्ताच्या कढईत बुडवून काढलेला, आणि वर गॅल्व्हल्यूमचा पत्रा असे ठरवले. त्या पत्र्याच्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे जस्ताशी त्याचे फारसे वैर नाही.

फॅब्रिकेटरला हे सांगितले तेव्हा त्याने बाजारात मिळणारा तयार जीआय, म्हणजे आधीच जस्त चढवलेला, पाइप सुचवला. “एज पाइप लई लो ने साहेब, वेल्डिंग करीने उपर सिल्व्हर मारी दईशुं, चालशे.” म्हणजे तोच पाइप घ्या, वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारू, चालेल. तयार पाइपावरचा जस्ताचा थर पातळ असतो आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यापाशी तो जळून जातो, वरून मारलेला चंदेरी रंग दिसायला जस्तासारखा असला तरी तो जस्त नसतो. गेल्या वेळी मी याच ‘चालशे’ला मान डोलावली होती. या वेळी “भाई, नहीं चाले” एवढेच म्हटले. तो हसला आणि मापे घ्यायला लागला.

२७ ऑक्टोबर, रविवार

आराखडा नक्की केला. कढईत बुडवायचे असेल तर प्रत्येक बंद पाइपाला दोन्ही टोकांना भोके पाडावी लागतात. जस्त साधारण ४५० अंश सेल्सियसला असते. आत हवा आणि ओल कोंडली तर पाइप फुटू शकतो, आणि जस्त आत शिरले नाही तर पाइप आतून उघडाच राहतो. फॅब्रिकेटरला हे ठाऊक होते, पण त्याने भोके फक्त वरच्या टोकांना काढली होती. ती चूक कागदावरच सापडली याचे समाधान आहे. आता दिवाळी, म्हणजे लाभपाचमेपर्यंत दुकान बंद.

१० नोव्हेंबर, रविवार

सांगाडा जोडून तयार आहे. एकूण वजन २१२ किलो भरले, दर किलोला ७८ रुपये. नळजोडाची टोके, बोल्टांची भोके, कठड्याच्या पट्ट्या असे सगळे आताच करून घेतले, कारण जस्त चढल्यावर ड्रिल किंवा वेल्डिंग करायचे नाही असा या कामाचा मुख्य नियम आहे. तो नियम मी पुढे मोडला आणि दोष माझाच होता: गच्चीच्या कठड्याच्या तीनच बाजू मोजल्या होत्या, चौथी मोजलीच नव्हती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जस्त चढवून सांगाडा परत आला. वजन २२२ किलो, म्हणजे दहा किलो जस्त. पाइपांचे आतले-बाहेरचे क्षेत्रफळ काढून भागाकार केला तर थर साधारण ६५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतो. या जाडीच्या लोखंडावर आयएस ४७५९ हे भारतीय मानक दर चौरस मीटरला सरासरी ४६० ग्रॅम जस्त मागते. हिशोब त्याच्या आसपास बसला. कारखान्याचा कागद मिळाला नाही तरी आधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवले तर निदान फसवणूक तरी कळते.

एक गोष्ट डोक्यातून निसटली. भोकांमध्ये जस्ताचे थेंब गोठले आणि दहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी पाडलेली अकराची भोके साडेदहाच्या खाली गेली. ती कानशीने मोकळी करण्यात दीड दिवस गेला. पुढच्या वेळी दहाच्या बोल्टाला साडेबारा ठेवीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस बोल्टांनी खाल्ला. कठड्यासाठी ३०४ जातीचे स्टेनलेस नट-बोल्ट आणि वायसर एका दुकानातून आणले होते. पुड्यावर ३०४ असे स्पष्ट लिहिलेले होते. चुंबक चिकटत नाही, हे दुकानदाराने मला दाखवूनही दिले. पण चुंबकाची परीक्षा येथे कुचकामी आहे. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेले स्वस्त २०२ जातीचे स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही, आणि उलट खरा ३०४ चा बोल्ट थंड असताना ठोकून घडवलेला असल्यास थोडासा चिकटतोसुद्धा.

भंगारवाले वापरतात ते द्रावण आणि नऊ व्होल्टची बॅटरी असा संच मागवला होता. बोल्टाच्या डोक्यावर एक थेंब टाकायचा, बॅटरीची तार लावायची आणि थांबायचे. २०० च्या मालिकेतल्या धातूवर थेंब काही क्षणांत लाल होतो. मी बोल्ट ओट्यावर ओळीने मांडले आणि एकेक थेंब टाकत गेलो. पहिला लाल, दुसरा लाल, तिसरा लाल. ताडून पाहण्यासाठी स्वयंपाकघरातून आणलेला, ज्यावर ३०४ कोरलेले आहे असा डबा ठेवला होता. त्यावरचा थेंब तसाच राहिला. बत्तीसच्या बत्तीस बोल्ट लाल निघाले.

दुकानदाराने माल परत घेतला, पण पैसे न देता तेवढ्याच रकमेचे दुसरे काहीतरी घ्या म्हणाला. मी स्क्रू घेतले. खरे ३०४ दुसरीकडून आणले. या सगळ्यात ८५० रुपये आणि एक रविवार गेला. गच्चीवर २०२ चा बोल्ट लगेच मोडत नाही हेही खरे आहे, पण दोन पावसाळ्यांत चहाच्या रंगाचे ओघळ येतात, आणि स्टेनलेसला गंज लागतो असे लोकांना वाटते त्यामागे बहुधा हेच असते.

१ डिसेंबर, रविवार

सांगाडा उभा राहिला, आणि चौथ्या बाजूची तुळई २२ मिलिमीटरने आखूड पडली. फॅब्रिकेटर, त्याचा मदतनीस आणि मी असे तिघे जण ती तुळई खांद्यावर घेऊन काही वेळ नुसते उभे होतो. परत नेऊन नवीन करून बुडवून आणणे, म्हणजे एकट्या तुळईसाठी टेंपोचे भाडे आणि आणखी एक आठवडा. मी टोकाला तुकडा जोडण्याची परवानगी दिली.

टाका मारायच्या आधी दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्त घासून काढायला हवे होते. ते अर्धवटच काढले. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि वेल्डिंगची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे पांढरा धूर उठला आणि टाक्यात भोके राहिली. धूर अंगावर घेऊ नये. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि जुन्या वेल्डरांना तो ताप परिचित असतो. आम्ही वारा पाठीशी घेऊन उभे राहिलो, तोंडावर मास्क होता, कुणाला काही झाले नाही. टाका काढून पुन्हा मारला, चकचकीत होईपर्यंत घासला आणि त्यावर जस्ताची भुकटी भरपूर असलेल्या रंगाचे तीन हात दिले. सुकल्यावर जाडी पुरेशी वाटली नाही म्हणून चौथाही दिला. एवढी एकच जागा या मांडवात मला खटकते.

८ आणि ९ डिसेंबर

कठडा. स्टेनलेसच्या प्लेटी आता थेट जस्ताच्या पट्ट्यांवर बसणार होत्या, म्हणून मध्ये काहीतरी घालणे भागच होते. नमद्याचा धडा घेतला होता, तेव्हा पाणी न पिणारा तीन मिलिमीटरचा निओप्रिन रबर घेतला. बोल्टाच्या दांड्याभोवती नायलॉनची बुश (दांड्यावर चढवायची छोटी नळी), डोक्याखाली नायलॉनचा वायसर आणि त्यावर स्टेनलेसचा, नटाकडेही तसेच. कागदावर बोल्ट कोठेच जस्ताला शिवत नव्हता.

पहिला खांब आवळला आणि मल्टिमीटर बझरवर लावून एक टोक कठड्याला व दुसरे सांगाड्याला टेकवले. मीटर वाजला, म्हणजे दोघांमधून वीज जात होती. बोल्ट काढले, एक बुश आखूड कापली गेली होती आणि दोन आटे भोकाच्या कडेला घासत होते. नवीन बुश घातली, पुन्हा आवळले, तरी मीटर वाजला. चारही बोल्ट काढून प्लेट नुसती निओप्रिनवर ठेवली, तरीही वाजला. बोल्टच नाहीत आणि वीज जाते आहे! निओप्रिन बदलला, मीटर बदलला, ड्रिलचा कीस झाडून काढला. दुपार गेली.

संध्याकाळी बाबा चहा घेऊन वर आले. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “कठड्याचं दुसरं टोक कुठे आहे ते बघ. तू दाराला कुलूप घालतोयस आणि खिडकी सताड उघडी आहे.” दुसरे टोक जिन्याच्या खोलीच्या लोखंडी चौकटीला होते, चौकटीला अर्थिंगची तार होती, आणि तीच तार सांगाड्यालाही होती.

अर्थिंग तोडण्याचा विचार एक क्षणभर आला होता, हे प्रामाणिकपणे लिहितो. गच्चीवर पंपाची मोटर आहे, दिवे आहेत; गंज वाचवण्यासाठी ती तार तोडणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. रात्री बसून विचार केल्यावर लक्षात आले की तोडण्याची गरजही नाही. झीज होण्यासाठी दोन धातू तारेने जोडलेले असणे पुरत नाही, दोघांना एकच पाणीही लागावे लागते. समुद्रात बुडालेल्या वस्तूला सगळीकडे पाणी असते, म्हणून तिथे दूरचा धातूही झिजतो. गच्चीवर पावसाचा पातळ थर असतो आणि त्याचा प्रभाव सांध्यापासून काही मिलिमीटरांतच संपतो. जुन्या पत्र्यावरची ती बोटभर रुंद रेघ, आणि दोन रेघांच्या मधला कोरा पत्रा, हेच सांगत होता.

म्हणून सोमवारी रजा टाकून निओप्रिनचे तुकडे पुन्हा कापले, या वेळी प्लेटीच्या प्रत्येक कडेपासून आठ मिलिमीटर बाहेर येतील असे. प्लेटीवरचे पाणी आता थेट जस्तावर न उतरता रबराच्या कडेवरून गळते. पाणी साचू नये म्हणून खालच्या पट्टीला किंचित उतार दिला. बुश आणि वायसर तसेच ठेवले, कारण खरा सांधा तिथेच आहे. मीटरची परीक्षा अर्थिंग जोडण्याच्या आधी घ्यायची असते, नंतर त्याला विचारून उपयोग नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पत्रे चढवले. दुकानदाराने पत्र्यासाठीही स्टेनलेसचे स्क्रू सुचवले होते, कारण ‘सगळ्यात भारी’. बोल्टांना जे चालले ते येथे चालत नाही. सांगाड्यावर ६५ मायक्रॉन जस्त आहे, पत्र्यावर दर बाजूला साधारण २० मायक्रॉन मुलामा, आणि स्क्रूच्या भोकापाशी तो कापलेलाच असतो. म्हणून जाड मुलाम्याचे, रबरी वायसर असलेले साधे पोलादी स्क्रू घेतले. ते पत्र्याच्या पन्हळीच्या माथ्यावर मारले. दोन पन्हळींमधल्या खोलगट भागात मारले तर प्रत्येक स्क्रू पाण्यात उभा राहतो.

दोन चुका. पहिली फॅब्रिकेटरच्या मदतनीसाची, पण त्याला सांगितले नव्हते म्हणून माझीच. त्याने पत्र्यावरच ग्राइंडर चालवून एक अँगल कापला. ठिणग्या पत्र्यावर पडल्या आणि स्क्रूंचा कीसही तसाच राहिला. सोमवारी सकाळी दव पडले होते आणि पत्र्यावर हळदीकुंकू उधळल्यासारखे तांबूस ठिपके होते. मऊ ब्रशने आणि पाण्याने दोन तास झाडून काढले. पत्रा वाचला, काही डाग राहिले.

दुसरी चूक पूर्णपणे माझी आहे. मापे घेताना मी कानावरची सुताराची पेन्सिल वापरली. प्रत्येक पत्र्यावर रेघा, आकडे, एका पत्र्यावर तर ‘वर’ असे लिहून बाण काढलेला. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि कोणता धातू कोणाला झिजवतो त्या उतरंडीत, जिथे वरचा खालच्याला झिजवतो, ग्राफाइट स्टेनलेस आणि तांबे यांच्याही वरच्या टोकाला बसते. मुलाम्याच्या पत्र्यावर पेन्सिलीने रेघ ओढणे म्हणजे त्यावर तांब्याची बारीक तार चिकटवून ठेवण्यासारखे आहे. रात्री जेवताना हे आठवले. दुसऱ्या दिवशी खोडरबर आणि स्पिरिट घेऊन वर गेलो. सहा पत्र्यांवरच्या खुणा पुसल्या, सातवा पूर्वेकडच्या टोकाला शिडी पोहोचत नाही अशा जागी होता. तो राहिला. खुणांसाठी तेलकट खडू किंवा मार्कर वापरावा.

२२ डिसेंबर, रविवार

भिंतीलगतची फट भरायला मिस्त्रीने घरातली उरलेली सिलिकॉनची नळी वापरली. दोन फूट भरून झाल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो आणि सुकेपर्यंत ते जस्ताला खात राहते. तेवढे खरवडून काढले, पुसले, आणि नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेले सिलिकॉन आणून पुन्हा भरले. नळीमागे शंभर-दीडशे रुपये जास्त.

त्याच भिंतीत जुन्या मांडवाचा ॲल्युमिनियमचा अँगल गिलाव्यात दाबून बसवावा असे मिस्त्रीला वाटले. ओल्या सिमेंटमधून बारीक बुडबुडे येऊ लागले. हे दोन धातूंचे भांडण नव्हे. ताजे सिमेंट इतके क्षारयुक्त असते की ॲल्युमिनियम त्यात विरघळून हायड्रोजन सोडते. हलक्या सिमेंटच्या विटा याच युक्तीने फुगवतात. अँगल उपटून काढला.

५ जानेवारी २०२५, रविवार

सौर बंबाची तांब्याची नळी वळवून थेट पन्हाळाच्या प्लॅस्टिकच्या पाइपात सोडली. आता तांब्यावरून आलेला थेंब कोणत्याही जस्तावर पडत नाही. स्टेनलेसच्या कठड्यावरून गळणाऱ्या पाण्याची मला अशी भीती नाही, कारण ते पाणी आपल्याबरोबर काही घेऊन जात नाही.

अर्थिंगची तांब्याची तार सांगाड्याला थेट गुंडाळलेली होती. तिला कल्हई केलेले लग (तारेच्या टोकाला बसवायची भोकाची टोपी) लावून, बोल्टाने आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. लग साठ रुपयांचा.

१५ जानेवारी, बुधवार

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, झाले. काल गच्चीवर पंचवीस माणसे होती आणि पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्यावर कुणी चढले नाही, सांगाडा हलला नाही, कठड्यावर लोक रेलून उभे होते. आज सकाळी मांजाचे गुंते काढताना सापडले की स्पीकर टांगण्यासाठी कुणीतरी उघडी तांब्याची तार खांबाला आठ वेढे देऊन बांधली होती. ती सोडवली. एका दिवसात काही झाले नसते, पण ती तिथे विसरली गेली असती.

हिशोब

लोखंड १६,५३६, मजुरी ११,५००, जस्त चढवणे ४,२१८ (दर चढवल्यानंतरच्या वजनावर, किलोला १९), टेंपो १,६००, पत्रे ७,३५०, नट-बोल्ट आणि स्क्रू ३,९००, निओप्रिन, नायलॉन आणि लग १,१४०, जस्ताचा रंग व सिलिकॉन २,२६०. एकूण ४८,५०४ रुपये. जुने पत्रे भंगारात २,७०० ला गेले. चुकांपायी गेलेले दिवस मोजले तर सहा होतात.

२९ जून २०२५, रविवार

पहिल्या मोठ्या पावसानंतरची पाहणी. गळती एका स्क्रूपाशी: तो इतका आवळला गेला होता की रबरी वायसर कडेने फुटून बाहेर आला होता. बदलला. रबर किंचित फुगेल एवढेच आवळावे.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

पावसाळा संपला. कठड्याचे दोन बोल्ट मुद्दाम काढून पाहिले: बुश कोरड्या, जस्तावर नेहमीची करडी छटा, पांढरी भुकटी नाही. निओप्रिनच्या कडेला धूळ साचून एक ओली रेघ तयार होत होती, ती ब्रशने साफ केली. हे दर वर्षी करावे लागेल. साइटवर मारलेल्या टाक्यापाशी, खालच्या बाजूला, नखाएवढा तांबूस डाग दिसतो आहे. घासून पुन्हा रंग दिला आणि तारीख तिथेच मार्करने लिहिली.

शेजारच्यांची शिडी मागून पूर्वेच्या सातव्या पत्र्यापर्यंत पोहोचलो. खोडरबर नेला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. पेन्सिल पावसाने केव्हाच धुऊन गेली आहे आणि जिथे ती होती तिथे पत्र्यावर मंद, काळसर, किंचित खरखरीत अक्षरे उरली आहेत. माझ्या हाताचा ‘वर’, शेजारी बाण, आणि त्याखाली ‘११ फू. ३ इं.’